पाळीव अजगराची घरघर पुन्हा पुन्हा का उलटते: कोकणात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक मिरगापासून गणपतीपर्यंतच्या दिवसांत येतात, आणि सुरुवात ठरलेली असते: "औषध दिलं, बरा झाला, आता परत घरघरतोय." इथे पाळीव अजगर म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आपल्या रानातला अजगर पाळता येत नाही, त्याचं पुढे सांगितलं आहे. पाळणारे या दुखण्याला 'आरआय' (रेस्पिरेटरी इन्फेक्शन, श्वसनमार्गाचा संसर्ग) म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

नाकातून शिट्टीसारखा आवाज येतोय. आरआयच असेल का?

असेलच असं नाही. कात टाकायच्या आधी नाकपुडीच्या कडेची कातडी सैल होते आणि श्वासाबरोबर वाजते. कात पडली की आवाज बंद. नाकपुडीत कातेचा तुकडा अडकून राहिला तरी वाजतं. गिळून झाल्यावर जबडा जागेवर बसवण्यासाठी साप मोठी जांभई देतो, तीही दुखण्याची खूण नाही. हाताळताना फुसकारतो, तो राग.

रात्री पंखा, टीव्ही बंद करा आणि पेटीला कान लावा. प्रत्येक श्वासाला 'टक टक' किंवा ओलसर बुडबुड ऐकू आली तर गाडं बिनसलं आहे. मग उजेडात तोंडाकडे बघा. ओठांच्या कडेला फेस, नाकाशी बुडबुडे, काचेवर थुंकीचे वाळलेले डाग. तोंड हलकेच उघडता येत असेल तर खालच्या जबड्यात, जिभेच्या म्यानामागे श्वासनळीचं छोटं तोंड दिसतं. ते उघडतं-मिटतं. तिथली ओल पातळ आणि स्वच्छ असेल तर ठीक. दोन जबड्यांमध्ये चिकट तार ओढली जात असेल किंवा पिवळट दह्यासारखे कण दिसले, तर डॉक्टर गाठा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं आणि मान वर ताणून तासन् तास बसणं ही पुढची पायरी आहे, तिथे "उद्या बघू" चालत नाही.

एकदा बरा झाला होता. मग परत का झाला?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बहुतेक जण तो न विचारता थेट "आता कुठलं इंजेक्शन देऊ" असं विचारतात.

आधी सापाची अडचण समजून घ्या. त्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाही, बरगड्यांच्या स्नायूंनी तो श्वास ओढतो. त्यामुळे जोर लावून खोकणं त्याला जमत नाही. अजगराला फुप्फुसं दोन असतात, उजवं मोठं, डावं लहान, आणि ती लांबच लांब पिशवीसारखी अंगात पसरलेली असतात. त्या पिशवीच्या तळाशी साचलेला कफ वर येणार कसा? म्हणून तो डोकं वर करून बसतो. शिवाय सरपटणाऱ्यांचा पू आपल्यासारखा वाहता नसतो, घट्ट, पनीरसारखा असतो. औषध त्याच्या आत सहज शिरत नाही. वरची लक्षणं आठवड्यात गेली तरी खाली काय उरलंय ते बाहेरून कळत नाही.

आता परत येण्याची वेळ बघा, ती बरंच सांगून जाते. औषध थांबवून दोन-तीन आठवड्यांत उलटला, तर एक तर कोर्स अपुरा पडला किंवा त्या जंतूंवर ते औषध चालतच नव्हतं. सापांच्या आरआयमध्ये स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला, प्रोटियस असे जंतू सापडतात, आणि त्यातला स्यूडोमोनास नेहमीच्या औषधांना दाद न देण्याबद्दल बदनाम आहे. वर्षभर ठणठणीत आणि दर आषाढात आजारी, तर दोष पेटीचा. जंतू बहुतेक सापाच्या तोंडात, पाण्याच्या भांड्यात आधीपासून असतातच, साप थंड आणि ओला राहिला की त्यांना संधी मिळते. कधीच पूर्ण बरा होत नाही, थोडा उतरतो, थोडा चढतो, आणि घरातला दुसरा सापही तसंच करू लागला, तर व्हायरसचा संशय घ्या. घरघर कायम एकाच नाकपुडीतून येत असेल तर फुप्फुसाच्या आधी तोंड आणि नाक तपासा, हिरडीचा संसर्गही वर चढतो.

यातलं कुठलं ते ठरल्याशिवाय औषध बदलत राहणं म्हणजे पागोळ्यांखाली बादली ठेवून कौल तसंच फुटकं ठेवणं.

व्हिडिओत सांगतात ह्युमिडिटी वाढवा, पाणी फवारा. आम्ही तेच केलं, तरी उलटला.

तो सल्ला कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी आहे. तिथे हिवाळ्यात खोलीतली हवा इतकी सुकते की सापाची कात अडकते, नाक कोरडं पडतं. आपल्याकडे जुलैत कपाटातली चामड्याची चप्पल बुरशी धरते. तिथे पंप घेऊन पेटी फवारणं म्हणजे ओल्यात ओल.

बॉल पायथनला साधारण 55 ते 65 टक्के आर्द्रता पुरते, कात टाकताना थोडी जास्त. गरम कोपरा 31 ते 33 अंश सेल्सिअस, थंड कोपरा 25 ते 27. आता गंमत बघा. बाहेरची हवा 27 अंश आणि 90 टक्के दमट आहे. तीच हवा पेटीत 32 अंशांवर गेली की आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण तापलेली हवा जास्त पाणी पेलते म्हणून टक्का खाली येतो. म्हणजे कोकणात पावसाळ्यात हीट मॅट, पेटी तापवणारी विजेची चटई, हेच सुकवण्याचं यंत्र आहे.

आणि नेमकी तीच बंद असते! एप्रिल-मेमध्ये खोलीच 33 अंशांवर असते, म्हणून हीट मॅटचं बटण बंद केलं जातं, आणि ते बरोबरच असतं. जूनमध्ये पाऊस येतो, खोली 26 वर उतरते, आपल्याला बरं वाटतं आणि बटणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. साप दोन महिने कोमट, ओल्या पेटीत पडून राहतो. माझ्या मते किनाऱ्यावरचे निम्म्याहून जास्त 'उलटलेले' आरआय या एका बटणाशी येऊन थांबतात.

दुसरी चूक हवा कोंडण्याची. पाऊस आत येईल, थंडी लागेल म्हणून पेटीवर टॉवेल, प्लास्टिक, वरून गोधडी. सकाळी काचेवर आतून पाणी साचलेलं दिसलं की समजा हवा फिरत नाही. झाकणाची जाळी मोकळी ठेवा, पाण्याचं भांडं गरम बाजूवरून उचलून थंड बाजूला न्या, खिडकीच्या सज्जाखालची पेटी आतल्या भिंतीशी सरकवा. चिऱ्याच्या उघड्या भिंतीला ओल येते, तिच्यापासून चार बोटं अंतर हवं.

हिवाळ्याचं गणित उलटं. जानेवारीत पहाटे किनाऱ्यावरही पारा 20 च्या खाली जातो, दापोलीकडे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी आणखी. तेव्हा थोडी ओल लागते आणि भरपूर ऊब. मे महिन्यातल्या एसीच्या खोलीलाही हाच नियम लावा. 23 अंशांच्या खोलीत साप ठेवून "उन्हाळ्यात कसा आजारी पडला" असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

थर्मोस्टॅट 31 दाखवतोय. मग ऊब पुरेशी आहे ना?

त्याच्यावर विसंबू नका. खारी हवा प्रोबच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, जोडण्या आणि आतले पॉइंट खाते. आकडा 31 दाखवतो, साप जिथे पोट टेकतो तिथे 27. महिन्यातून एकदा दुसऱ्या थर्मामीटरने किंवा टेम्परेचर गनने तीच जागा मोजा. फरक दिसला तर प्रोब बदला, महाग नसतो.

लाईट गेली की काय करायचं? आमच्याकडे दोन-दोन दिवस येत नाही.

दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. निरोगी साप एखादी थंड रात्रही काढतो. आधीच घरघरणाऱ्याला मात्र रात्रभर 24 च्या खाली ठेवू नका.

सापाला सुती पिशवीत घालून तोंड बांधा आणि पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. मासळीचं जुनं खोकं नको, वासही जात नाही आणि जंतूही. झाकणाला दोन-तीन भोकं पाडा. बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा मोज्यात घातलेली बाटली ठेवा. हातात धरवेल इतकीच गरम, आणि सापाला तिच्यापासून सरकायला जागा हवी. खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, तो धूर आणि वायू सापाआधी तुमचा जीव घेईल. इन्व्हर्टर असेल तर हीट मॅट त्यावर चालते, ऊब देणारा सिरॅमिक बल्ब बॅटरी लवकर पितो. वीज जाणार असं दिसत असेल तर त्या आठवड्यात खायला घालू नका. थंड पडलेला साप उंदीर पचवू शकत नाही, उलटी काढतो, आणि ती उलटी श्वासनळीत गेली की नवं दुखणं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढ्या काळासाठी खोकं पुरत नाही. वीज असलेल्या गावी कुणाकडे साप ठेवता येईल हे आधी ठरवून ठेवा.

घरची नारळाची सोडणं आहेत, ती कुटून अंथरली तर चालतील?

आजारपणात नाही. आरआय असताना पेटीत फक्त वर्तमानपत्र, रोज बदललेलं. दिसायला दरिद्री, पण कफाचा डाग, शी, उलटी सगळं लगेच दिसतं आणि ओल धरत नाही. बरा झाल्यावर सोडणाचा काथ्या चालतो, पण परसात पावसात भिजलेला नव्हे. त्यात बुरशी असते, मुंग्याही. खाडीत कुजवलेल्या सोडणांत मीठ असतं. कडक उन्हात वाळवून, धूळ झटकून, पातळ थर द्या. लाकडाच्या वखारीतला भुसा नको. बारीक धूळ सरळ नाकात जाते आणि कुठल्या लाकडाचा भुसा आहे हे तिथला माणूसही सांगू शकत नाही.

संध्याकाळी धुरी, मच्छरची कॉइल, गणपतीत धूप. याने फरक पडतो का?

पडतो. आपल्याला डोळे चुरचुरण्याइतका धूर त्याच्या नाजूक फुप्फुसाला भारी. कॉइल आणि लिक्विडमधलं कीटकनाशक बंद खोलीत साचतं. सापाच्या खोलीत जाळीची मच्छरदाणी लावा.

गणपतीचे दिवस वेगळेच. चाकरमानी येतात, घर भरतं, सापाची खोली पाहुण्यांना जाते आणि पेटी माळ्यावर किंवा पडवीत. तिथे प्लग नाही, वारा आहे, खाली चूल. सतत माणसं बघायला येतात, झाकण दहा वेळा उघडतं. गौरीविसर्जनानंतरच्या आठवड्यात आरआयचे फोन वाढतात, त्यात नवल नाही. पेटी हलवायचीच असेल तर पाहुणे यायच्या आठ दिवस आधी हलवा, प्लग असलेल्या जागी, आणि झाकणाला छोटं कुलूप लावा. काकांना राग आला तर येऊ दे.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं तर चालेल?

प्राथमिक तपासणीला, वजनाला, एक्स-रे असेल तर त्याला, जरूर. पण उलटलेल्या आरआयला सरपटणाऱ्यांचा अनुभव असलेला डॉक्टर लागतो, आणि त्यासाठी बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जावं लागतं. आपल्या डॉक्टरांना फोनवर त्या डॉक्टरांशी बोलायला सांगा, बरेच जण आनंदाने बोलतात. प्रवासात सुती पिशवी, खोकं, आतली हवा 26 ते 29 अंश, एसीचा झोत थेट नको, आणि आधीचे चार-पाच दिवस उपास.

दुसऱ्यांदा आजार आला असेल तर तिथे एक गोष्ट मागा: श्वासनळीत थोडं निर्जंतुक सलाईन सोडून परत ओढून घेतात, त्या द्रवाचं कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी. कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे त्यातून कळतं. नुसत्या तोंडातल्या बोळ्याने फसगत होते, कारण तोंडात नेहमीचेच जंतू सापडतात. नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक चालू करू नका. केलं असेल तर तसं सांगा. एक्स-रेत कफ कुठे साचलाय ते दिसू शकतं. उंदीर घरचे पकडून घालत असाल किंवा साप मुळात रानातून धरून आणलेला असेल तर फुप्फुसातल्या जंतांसाठी शीची तपासणीही करून घ्या.

औषध किती दिवस?

डॉक्टर सांगतील तितके. ते सहसा तीन आठवड्यांच्या पुढे जातात. आवाज थांबला म्हणून पाचव्या दिवशी इंजेक्शन बंद करणं हेच उलटण्याचं दुसरं मोठं कारण. सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक बरेचदा दिलं जातं, दर 72 तासांनी एक, त्यामुळे घरी देणं जमतं. एनरोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन झोंबतं आणि वारंवार दिलं तर जागा काळी पडून सडते. अमिकासिन मूत्रपिंडावर भारी, तहानलेल्या सापाला ते देऊ नये. म्हणून गुरांसाठी किंवा कोंबड्यांसाठी आणलेली बाटली उघडून अंदाजाने टोचायचा उद्योग करू नका. इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागात, मणक्याच्या बाजूच्या मांसात, दरवेळी जागा बदलून देतात. पहिलं डॉक्टरांसमोर द्या.

औषध चालू असताना ऊब कमी होता कामा नये. सापाची प्रतिकारशक्ती अंगाच्या तापमानावर चालते आणि औषधाची मात्राही त्या तापमानाला धरून ठरलेली असते. रात्रीची थंडावणी बंद करा, थंड बाजूही 27 च्या खाली नको. गरम कोपरा 33 च्या वर नेऊन "भाजून काढू" असंही नको.

हळद, तुळशीचा रस, निलगिरीची वाफ?

नको. निलगिरी, कापूर, बाम यांचे उडणारे तेल त्याला सोसत नाही आणि वाफाऱ्याने कातडी भाजते. डॉक्टर नेब्युलायझरने सलाईन द्यायला सांगतात ते वेगळं, त्यासाठी माणसांचा मास्क वापरू नका.

तीन आठवडे खाल्लं नाही. भरवू का?

नका भरवू. श्वास घ्यायला धडपडणाऱ्याच्या घशात उंदीर ढकलणं धोक्याचं, आणि बॉल पायथन निरोगी असतानाही महिनोन् महिने उपाशी राहतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टरांना कळवा. पाणी मात्र रोज ताजं.

दुसरा साप त्याच खोलीत आहे.

वेगळा करा, आजच. आजाऱ्याचं काम सगळ्यात शेवटी, चिमटा, भांडं, टॉवेल वेगळे, मध्ये हात साबणाने. सापांवरच्या काळ्या बारीक गोचिड्यांसारख्या माइट्सही रोग पसरवतात, पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपके दिसले तर त्याचीही सोय करा.

व्हायरस असेल तर प्रकरण गंभीर. बॉल पायथनमधल्या श्वसनाच्या दुखण्याशी निडोव्हायरसचा संबंध 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. फेरलाव्हायरस त्याहून जुना, 1970च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या सर्पशाळेत आढळलेला. एरिनाव्हायरसच्या आजारात श्वसनाबरोबर मान वाकडी होणं, तोल जाणं दिसतं. यांच्यावर औषध नाही. अँटिबायोटिक वरून चढलेल्या जंतूंना आवरतं, म्हणून थोडं बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं. तपासणी पीसीआरने, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने होते. नवीन साप आणला की किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, हा नियम त्यासाठीच.

आमच्या सर्दीने त्याला झालं का? त्याचं आम्हाला होईल?

तुमच्या सर्दीने नाही. सापाकडून आपल्याला साल्मोनेला येऊ शकतो, पोट बिघडवतो. हाताळल्यावर साबण, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये भांडं धुणं बंद, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप नको.

खुराड्यात अजगर सापडला, थंड पडलाय, तोंडाला फेस आहे. बरा करून ठेवला तर?

ठेवू नका. भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. पकडणं, पाळणं गुन्हा, शिक्षा किमान तीन वर्षं. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. ते येईपर्यंत वरून हवेशीर टोपली पालथी घाला, लोकांना लांब ठेवा, अंगावर पाणी ओतू नका.

बॉल पायथनचीही नोंद लागते. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर ती करायची असते. कागद नाहीत म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळणारे आहेत, आणि मग साप बाटलीतल्या अंदाजाच्या औषधांवर मरतो. आधी कागद करा.

पुढच्या पावसाळ्यात होऊ नये म्हणून काय?

घरात आगोटीची बेगमी चालते तेव्हाच सापाचीही करा. मे संपायच्या आत हीट मॅट चालू करून बघा, प्रोब मोजा, पेटी रिकामी करून उन्हात वाळवा, जाळीचा गंज घासा, फ्रीझरमधल्या उंदरांचा साठा वीज गेल्यास किती टिकेल ते बघा. पहिला वळीव पडला की मॅट चालू, थर्मोस्टॅटवर. मागच्या वर्षी आजारी पडला असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा वजन आणि रात्रीचा कान लावून तपास.

इतकं करूनही मेला तर?

फ्रीझरमध्ये नको, प्लास्टिकमध्ये गुंडाळून साध्या फ्रीजच्या खणात, खाण्यापासून लांब, किंवा बर्फाच्या खोक्यात ठेवा, आणि एका दिवसाच्या आत शवविच्छेदनाला न्या. गोठवलं की पेशी फुटतात आणि फुप्फुसाचा तुकडा तपासणीच्या कामाचा राहत नाही. घरात दुसरा साप असेल तर हे टाळू नका, त्याच्या औषधाची दिशा इथूनच ठरते. नोंद केलेल्या सापाचा मृत्यूही कळवावा लागतो. पेटी, दगड, लाकूड फेकून द्या किंवा ब्लीचच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात ठेवा. नवीन साप आणायची घाई नको, अहवाल येईपर्यंत पेटी रिकामीच राहू दे.